‘चाळीस नंबर’ सगळ्याच गाड्यांना चालतो का?

प्रश्न थोडक्यात असा. कागलजवळच्या एका घरात तीन वाहनं आहेत: पाच वर्षांची पेट्रोल कार, स्प्लेंडर मोटरसायकल आणि उसाच्या ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर. कारच्या पुस्तकात ०डब्ल्यू-२० ऑइल सांगितलंय, मोटरसायकलच्या पुस्तकात १०डब्ल्यू-३० आणि ट्रॅक्टरच्या पुस्तकात १५डब्ल्यू-४०, सीआय-४. ओळखीच्या मेकॅनिकनं एकच डबा आणून तिन्हींत २०डब्ल्यू-४० घातलं. वर सांगितलं, “आपल्याकडं ऊन लई. पातळ ऑइल पाण्यागत हुतंय. दाट घाला, इंजिन टिकतंय.” त्यानंतर कार सकाळी सुरू केली की चार-पाच सेकंद खडखड वाजते. मेकॅनिकचं खरं मानायचं की पुस्तकाचं? आणि डब्यात साडेतीन लिटर उरलंय, त्याचं काय करायचं?

मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात सत्तावीस वर्षं इंजिनं बांधतो. माझ्याकडं इंजिन येतं तेव्हा ते उघडायचीच वेळ आलेली असते, त्यामुळं ऑइलनं आत काय केलं किंवा काय केलं नाही, ते मला बेअरिंगच्या पाट्यांवर दिसतं. कारच्या बाबतीत पुस्तक बरोबर आहे. मोटरसायकलच्या बाबतीतही पुस्तकच बरोबर, पण कारण वेगळं. ट्रॅक्टरच्या बाबतीत मेकॅनिक निम्मा बरोबर आहे. हे तिन्ही नीट कळायला आधी डब्यावरचे आकडे काय मोजतात ते बघू.

गुऱ्हाळावर गेला असाल तर एक गोष्ट पाहिली असेल. काहिलीतली उकळती काकवी पळीतून पाण्यासारखी सांडते. तीच काकवी बरणीत भरून ठेवली आणि डिसेंबरच्या सकाळी वाकडी केली, तर धार तोंडाशी यायलाच वेळ लागतो. पदार्थ तोच, वाहण्याला होणारा त्याचा विरोध बदलला. ह्या विरोधाला व्हिस्कॉसिटी म्हणतात. ती सेंटिस्टोक्समध्ये मोजतात, आणि अंदाजासाठी लक्षात ठेवा की साधं पाणी साधारण १ असतं. ऑइलचंही काकवीसारखंच आहे: गार असताना दाट, गरम झालं की पातळ. म्हणून ‘हे ऑइल दाट आहे’ हे वाक्य तापमान सांगितल्याशिवाय अर्धवट राहतं.

२०डब्ल्यू-४० मधला मागचा आकडा, म्हणजे ४०, हा १०० अंश सेल्सिअसला ऑइल किती दाट राहतं ते सांगतो. एसएई ह्या वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या मानकानुसार १०० अंशाला २० नंबरचं ऑइल ६.९ ते ९.३ मध्ये बसतं, ३० नंबरचं ९.३ ते १२.५, ४० नंबरचं १२.५ ते १६.३ आणि ५० नंबरचं १६.३ ते २१.९. पुढच्या आकड्याशेजारचा डब्ल्यू हा विंटरचा, म्हणजे हिवाळ्याचा. पुष्कळ जण तो वेट म्हणजे वजन समजतात. ऑइलच्या वजनाशी त्याचा काही संबंध नाही. तो आकडा गोठवणाऱ्या थंडीत इंजिन फिरेल का आणि पंप ऑइल ओढेल का, ह्या चाचण्यांचा आहे. २०डब्ल्यूची फिरवण्याची चाचणी उणे १५ अंशाला होते, १०डब्ल्यूची उणे २५ ला, ५डब्ल्यूची उणे ३० ला आणि ०डब्ल्यूची उणे ३५ ला. म्हणजे ०डब्ल्यू हे ‘शून्य दाटपणा’ नव्हे.

इथं कोणीही विचारेल, आणि विचारायलाच पाहिजे, की कोल्हापुरात उणे ३५ अंश कुठं असतात? थंडीच्या पहाटे पारा बारा-पंधरापर्यंत उतरला तरी आपण शेकोटी पेटवतो. मग तो पुढचा आकडा आपल्या काय कामाचा?

कामाचा आहे, पण लोक समजतात त्या कारणासाठी नाही. पंधरा अंशाच्या सकाळी साध्या २०डब्ल्यू-४० ची व्हिस्कॉसिटी अंदाजे ६०० च्या घरात असते. ०डब्ल्यू-२० ची त्याच वेळी सव्वाशे ते दीडशे. आणि तुमच्या कारच्या इंजिनाला चालू असताना लागते ती आठ-नऊ. म्हणजे ज्याला सगळे पातळ म्हणतात ते ०डब्ल्यू-२० सुद्धा गार इंजिनात गरजेपेक्षा पंधरापट दाट असतं. २०डब्ल्यू-४० सत्तरपट. मेकॅनिकला भीती ऑइल पातळ पडण्याची आहे. पण रोज सकाळी पहिल्या मिनिटात इंजिनाला खरा त्रास ऑइल दाट असण्याचा होतो.

‘आपल्याकडं ऊन लई’ ह्या म्हणण्याचंही बघा. ज्या इंजिनाला रेडिएटर आणि थर्मोस्टॅट आहे, त्याच्या आतलं तापमान बाहेरचं ऊन ठरवत नाही, थर्मोस्टॅट ठरवतो. कूलंट नव्वदच्या आसपास ठेवायचं त्याचं काम तो महाबळेश्वरात करतो तसंच मे महिन्यात इचलकरंजीतही करतो. ऑइल त्याच्या थोडं वर, नव्वद ते एकशे दहाच्या दरम्यान राहतं. बाहेर १५ अंश असोत की ३९, गरम झालेल्या निरोगी इंजिनाच्या पोटात फारसा फरक पडत नाही. एअर-कूल्ड मोटरसायकल आणि भाराखालचा ट्रॅक्टर ह्यांना हे तंतोतंत लागू होत नाही. त्यांच्याकडं पुढं येतोच.

मग चाळीस नंबरचा आग्रह आला कुठून? त्याला इतिहास आहे आणि मला त्याचा आदर आहे. कोल्हापूरनं शेतीपंपाची ऑइल इंजिनं ओतली, घडवली आणि नदीकाठानं बसवली. ती सावकाश फिरणारी, जाड बेअरिंगची, मोकळ्या गाळ्याची, म्हणजे भागांमध्ये जास्त फट असलेली इंजिनं होती. त्या काळी दोन आकड्यांचं मल्टिग्रेडही सहज मिळत नव्हतं. एकच नंबर असायचा, तीस नाहीतर चाळीस. त्या इंजिनांना चाळीस नंबर शोभायचा आणि ती वर्षानुवर्षं चालली. आमच्या आधीच्या पिढीतले मिस्त्री त्या इंजिनांवरच शिकले आणि आम्ही त्यांच्या हाताखाली. ते ज्ञान चुकीचं नव्हतं. इंजिन बदललं, एवढंच.

काय बदललं ते सांगतो. क्रँकचा जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारा त्याचा गुळगुळीत गोल भाग, आणि बेअरिंग ह्यांच्यामध्ये जो गाळा असतो, तो आजच्या लहान पेट्रोल इंजिनात मिलिमीटरच्या तीन-चार शतांश भागाइतका असतो. माणसाचा केस त्याहून जाड. त्या गाळ्यात ऑइलची फिल्म तयार होते आणि क्रँक तिच्यावर तरंगत फिरतो, धातूला धातू लागत नाही. फिल्म किती जाड व्हायची ते तीन गोष्टींवर ठरतं: किती वेगानं फिरतंय, भार किती आहे आणि ऑइल किती दाट आहे. कंपनीनं हे तिन्ही जुळवून बेअरिंगची रुंदी, गाळा आणि पंप ठरवलेला असतो. ऑइलचा नंबर हा त्या हिशोबातला एक भाग आहे, म्हणजे जणू इंजिनाचा एक सुटा भागच. पिस्टन रिंग आपण मनानं बदलतो का?

दाट ऑइल घातल्यावर प्रेशरचा काटा वर जातो आणि माणूस खूश होतो. हा मोठा फसवा काटा आहे. प्रेशर म्हणजे वाट अडल्याची खूण. ऑइल पंप प्रत्येक फेऱ्याला ठरावीक ऑइल ढकलतो. ते पुढं सरकायला नाखूष असलं की प्रेशर वाढतं, रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि ऑइलचा काही भाग वर न जाता परत खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीत पडतो. काटा वर, पण वर व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टकडं ऑइल उशिरा. तुमच्या कारची सकाळची खडखड इथूनच येत असावी. ह्या इंजिनांत कॅमशाफ्ट फिरवणारी टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. व्हॉल्व्हचं टायमिंग मागं-पुढं करणारी यंत्रणासुद्धा ऑइलवरच हलते आणि त्यासाठी बारीक जाळ्यांतून, सुईसारख्या वाटांतून ऑइल जावं लागतं. सहाशेच्या दाटपणाचं ऑइल तिथं पोचेपर्यंत चेन सैल राहून गाइडवर आपटते.

एक उदाहरण डोळ्यासमोर आहे. एका मालकानं असंच ०डब्ल्यू-२० च्या इंजिनात दोन वर्षं २०डब्ल्यू-५० वापरलं. बेअरिंगच्या पाट्या मी उघडून बघितल्या, चांगल्या होत्या. दाट ऑइलनं बेअरिंग खाल्लं नव्हतं. पण चेनचा गाइड झिजून त्याच्या प्लास्टिकचे तुकडे चेंबरच्या जाळीत अडकले होते आणि वरचे कॅम कोरडे चालल्यासारखे ओरखडले होते. ऑइल होतं, वेळेवर पोचत नव्हतं.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. पुस्तकापेक्षा पातळ ऑइल घालणं तर अजिबात नको. ऑइल १५० अंशाला नेऊन, प्रचंड वेगानं घासून, किती दाट उरतं ते मोजणारी एक चाचणी आहे, तिला एचटीएचएस म्हणतात. बेअरिंगमधल्या खऱ्या परिस्थितीच्या ती सगळ्यात जवळ जाते. त्यात (एकक वेगळं, मिलिपास्कल-सेकंद) २० नंबरला किमान २.६ लागतात, ३० ला २.९, आणि १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-४० ला ३.७. ट्रॅक्टरचं बेअरिंग ३.७ धरून बनवलेलं असेल आणि तुम्ही मायलेजच्या लोभानं त्यात २.६ घातलं, तर पहिल्याच हंगामात इंजिन माझ्या दारात येईल.

आता मल्टिग्रेड म्हणजे काय, कारण ह्यातूनच मोटरसायकलीचा मुद्दा निघतो. पातळ मूळ तेलात लांब साखळीचे पॉलिमर मिसळतात. गार असताना ते गुंडाळी करून बसतात, गरम झाले की पसरतात, आणि त्यामुळं ऑइल तापल्यावर व्हायला हवं तितकं पातळ होत नाही. अशी सोय केली म्हणून एकच ऑइल थंडीत १०डब्ल्यूसारखं आणि गरमीत ३० सारखं वागतं. पण ह्या साखळ्या तुटतात. कारमध्ये हळूहळू तुटतात. मोटरसायकलीत इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच सगळं एकाच ऑइलात बुडालेलं असतं, आणि गिअरचे दात त्या साखळ्या कात्रीसारख्या कापतात. म्हणून ५० नंबरचं भरलेलं ऑइल काही हजार किलोमीटरनंतर ४० नंबरच्या वर्गात उतरलेलं असू शकतं. मोटरसायकलीचं ऑइल कारपेक्षा लवकर बदलायचं ते ह्यासाठी.

आणि मोटरसायकलीत नंबरापेक्षा महत्त्वाची ओळ डब्याच्या मागं असते. तिथं जासो ह्या जपानी मानकातला एमए किंवा एमए२ वर्ग लिहिलेला पाहिजे. कारच्या पातळ ऑइलांत घर्षण कमी करणारी द्रव्यं घातलेली असतात. इंजिनाला ती आवडतात, पण ओल्या क्लचला नाही, कारण क्लचचं कामच घर्षणावर चालतं. असं ऑइल पडलं की पन्हाळ्याच्या चढावर इंजिनाचा आवाज वाढतो आणि गाडी मात्र तिथंच. लोक क्लच प्लेटा बदलतात, ऑइल तेच ठेवतात, आणि तीन महिन्यांनी पुन्हा तीच तक्रार. ॲक्टिव्हासारख्या स्कूटरचा क्लच कोरडा, ऑइलाबाहेर असतो, म्हणून तिला जासो एमबी चालतं. एमबीचा डबा स्वस्त मिळाला म्हणून स्प्लेंडरमध्ये ओतू नका.

तुमच्या स्प्लेंडरमधलं २०डब्ल्यू-४० जर ट्रॅक्टरच्याच डब्यातलं असेल, तर त्यावर जासोचा शिक्का बहुधा नसेल. ते काढा आणि १०डब्ल्यू-३०, जासो एमए घाला. लिटरभराच्या आतबाहेरच बसतं, त्यात काटकसर करण्यासारखं काही नाही. सगळ्याच मोटरसायकलींना तीस नंबर, असंही समजू नका. रॉयल एनफिल्डच्या ३५० ला कंपनी १५डब्ल्यू-५० सांगते, कारण मोठा सिलिंडर, हवेनं गार होणारं इंजिन, वेगळा हिशोब. हवेवर गार होणाऱ्या इंजिनाला महाद्वार रोडच्या गर्दीत वारा मिळत नाही, तेव्हा त्याचं ऑइल खरंच जास्त तापतं. पण ते कंपनीनं आधीच धरलेलं असतं.

ट्रॅक्टरकडं येऊ. इथं मेकॅनिकचं दाट ऑइलाचं म्हणणं मला बरंचसं पटतं. दोन भरलेल्या ट्रॉल्या घेऊन ट्रॅक्टर चढ काढतो तेव्हा ऑइलचं तापमान १२० पर्यंत जाऊ शकतं, आणि तिथं ४० नंबरचं ऑइल ९ सेंटिस्टोक्सच्या आसपास येतं, म्हणजे १०० अंशावरच्या २० नंबराएवढं. चाळीस नंबर तिथं चैन नाही, गरज आहे. १५डब्ल्यू-४० आणि २०डब्ल्यू-४० दोन्हींचा मागचा आकडा सारखाच, त्यामुळं भाराखाली दोन्ही सारखीच फिल्म देतात. पुढच्या आकड्याचा फरक आपल्या हवेत पहाटेच्या स्टार्टपुरता. नंबराच्या बाबतीत मेकॅनिक फार चुकलेला नाही.

तो चुकला असेल तर डब्यामागच्या ओळीत. पुस्तक सीआय-४ म्हणतं. डिझेल ऑइलांचे हे वर्ग एपीआय ही अमेरिकन संस्था ठरवते: सीएफ-४, मग सीएच-४, सीआय-४, आणि अलीकडचं सीके-४. पेट्रोलसाठी एसने सुरू होणारे: एसएल, एसएम, एसएन आणि २०२० पासून एसपी. अक्षर जितकं पुढचं तितकी चाचणी कडक. डिझेलमध्ये काजळी होते, आणि ती काजळी गोळा न होऊ देता ऑइलात तरंगती ठेवायची ताकद ह्या वर्गातून कळते. सीएफ-४ चं स्वस्त २०डब्ल्यू-४० आणि सीआय-४ चं २०डब्ल्यू-४० ह्यांचा नंबर एकच असतो, पण आतलं ऑइल एक नसतं. नंबर म्हणजे फक्त दाटपणा. गुणवत्ता त्या अक्षरांत आहे. दुकानात जाऊन नुसतं ‘चाळीस नंबर द्या’ म्हटलं की दुकानदार जे जास्त खपतं ते देतो.

ट्रॅक्टरवाल्यांना माझी खास विनंती आहे. कारखान्याच्या अड्ड्यावर नंबर लागायची वाट बघत ट्रॅक्टर तासन्‌तास चालू ठेवू नका. किलोमीटर वाढत नाहीत म्हणून आपल्याला वाटतं ऑइल खर्ची पडत नाही. पण मीटर तासाचा आहे. संथ चालणाऱ्या गार इंजिनात डिझेल अर्धवट जळतं, काजळी वाढते आणि न जळलेलं डिझेल रिंगांवरून खाली ऑइलात उतरतं. पट्टीवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर आनंद मानू नका. ते डिझेल मिसळलंय, नाहीतर पाणी. हंगामात पुस्तकातले तास मोजून बदला, गळीत संपायची वाट बघू नका.

तुमच्याकडं डिझेल कार नाही, पण वाचणाऱ्यांपैकी कुणाकडं बीएस-६ डिझेल असेल तर एक सांगतो. तिला धुराड्यात डीपीएफ नावाची जाळी असते. साधं डिझेल ऑइल जळून जी राख होते, ती त्या जाळीत कायमची साठते. तिला पुस्तकातलं कमी राखेचंच ऑइल लागतं, बहुतेकदा एसीईए ह्या युरोपी मानकातल्या सी२ किंवा सी३ वर्गाचं. जाळी बदलायचा खर्च ऐकून माणसाला घाम फुटतो.

सिंथेटिक घ्यावं का, हे पुढचं नेहमीचं विचारणं. ०डब्ल्यू आणि ५डब्ल्यू ऑइलं साध्या खनिज तेलापासून बनवणं अवघड असतं, त्यामुळं तो प्रश्न तिथं आपोआप सुटतो. १५डब्ल्यू-४० मध्ये मात्र चांगल्या वर्गाचं खनिज ऑइल वेळेवर बदललं तर ट्रॅक्टरला पुरेसं आहे. सिंथेटिक घालून दुप्पट चालवण्यापेक्षा मी साधं वेळेवर बदलणाऱ्याचं इंजिन जास्त स्वच्छ पाहिलंय.

जुन्या इंजिनाचा अपवाद सांगायला हवा. दोन लाख किलोमीटर झालेली कार हजार किलोमीटरला अर्धा लिटर ऑइल पित असेल, तर ५डब्ल्यू-३० वरून १०डब्ल्यू-४० वर जायला माझी हरकत नाही. गाळे वाढलेत, थोडं दाट ऑइल तिथं टिकेल. पण त्याआधी कुठं गळतंय का, व्हॉल्व्हची सीलं कडक झालीत का ते बघा. आणि हे दुरुस्तीला पर्याय नाही, तिला चार-सहा महिने पुढं ढकलणं आहे. पाच वर्षांच्या गाडीला हा अपवाद लावू नका.

तुमची कार गावातच फिरत असेल, शाळा, बाजार, देऊळ, दोन-तीन किलोमीटरच्या खेपा, तर ऑइल कधी नीट तापतच नाही. पावसाळ्यात तर ऑइल भरायच्या टोपीच्या आतल्या बाजूला पांढरा साबणासारखा थर दिसेल. घाबरू नका, बहुधा तो ऑइलात मिसळलेला ओलावा असतो. कूलंट कमी होत नसेल तर कधीतरी कोल्हापूर-निपाणी अशी एक सलग फेरी मारा, जाईल. पण अशा गाडीचं ऑइल किलोमीटर झाले नाहीत म्हणून दोन वर्षं ठेवायचं नाही, वर्षाला बदलायचं.

आणि एवढं सगळं सांगून झाल्यावर मनातलं बोलतो. नंबर चुकल्यामुळं बाद झालेली इंजिनं मी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उघडली असतील. ऑइल कमी पडल्यामुळं, पट्टी महिनोन्‌महिने बाहेरच न काढल्यामुळं बाद झालेली इतकी, की त्यांची गणती ठेवायचं मी सोडून दिलं. पातळी खालच्या खुणेच्या खाली असेल आणि हातात चुकीच्या नंबराचं, पण सीलबंद इंजिन ऑइल असेल, तर ते घाला आणि घरी या. वाटेत एवढी चूक माफ आहे. कोरडं इंजिन चालवणं माफ नाही.

आता तुमच्या डब्याचं. आधी मागची बाजू वाचा. सीआय-४ लिहिलं असेल आणि ट्रॅक्टरच्या पुस्तकातल्या तक्त्यात आपल्या हवेसाठी २०डब्ल्यू-४० ला मुभा असेल, तर टॉप-अपला तिथंच वापरा. फक्त सीएफ-४ असेल तर ट्रॅक्टरलाही नको, विहिरीवर जुनं ऑइल इंजिन असलं तर त्याला द्या, त्याला ते मानवेल. कारमधून काढलेलं ऑइल बांधावर किंवा ओढ्यात ओतू नका, डब्यात भरून जुनं ऑइल गोळा करणाऱ्याकडं द्या. आणि रिकामे झालेले नवे डबे टाकायच्या आधी स्क्रू ड्रायव्हरनं भोक पाडा, म्हणजे ते भरून पुन्हा विकता येणार नाहीत.

कारमध्ये ऑइल गरम असताना काढा, फिल्टरही बदला, पुस्तकातलं ०डब्ल्यू-२० एसपी भरा. आठवडाभर सकाळची खडखड ऐका. बहुतेक वेळा ती कमी होऊन थांबते. थांबली नाही, तर टेन्शनर आणि चेन उघडून बघावी लागेल. त्यासाठी गाडी आणण्याआधी घरीच, रात्रभर उभ्या असलेल्या गार इंजिनाचा पहिल्या दहा सेकंदांचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. कागलहून उद्यमनगरात पोचेपर्यंत इंजिन गरम झालेलं असतं, आणि गरम इंजिन तो आवाज करून दाखवत नाही.